आब्रामचं कोकरू

डेन्झिल केप टाउनहून रिकामा पिकअप घेऊन आला, तेव्हाच आमच्या गल्लीला कळलं की या वेळी तो आईला घेऊन जाणार. एरवी तो छोट्या गाडीतून यायचा. आईसाठी खारवलेला मासा, तांदूळ आणि नातवंडांचे फोटो आणायचा आणि रविवारी दुपारी परत फिरायचा. या वेळी हौद्यात फक्त दोऱ्या होत्या आणि सामानाला ओरखडे पडू नयेत म्हणून आणलेली जुनी ब्लँकेटं.

त्याची आई फ्लोरी माझ्या समोरच्या घरात राहते. आम्ही दोघं मिशनच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे तिनं टपाल खात्यात तारांचं काम करणाऱ्या आब्राम बोस्टांडरशी लग्न केलं आणि मी गावच्या वाचनालयात चिकटलो. आब्राम खगोलशास्त्राची पुस्तकं न्यायला यायचा, त्यातून आमची मैत्री झाली. तो गेल्याला काही हिवाळे झाले. तेव्हापासून फ्लोरी आणि मी रोज बोलतो, पण ती तिच्या फाटकात आणि मी माझ्या, मधे रस्ता.

डेन्झिलचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. गेल्या उन्हाळ्यात फ्लोरीनं उकळतं पाणी कपात ओतायच्या ऐवजी हातावर ओतून घेतलं होतं. त्याच्या आधी ओट्याची पायरी चुकून ती अंगणात पडली होती. चर्चमध्ये तिनं खुंटीवर टांगलेल्या पाद्रीबाबांच्या कोटाची विचारपूस केली, ही गोष्ट तर थेट केप टाउनपर्यंत पोचली होती. हे सगळं उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढण्याआधीचं होतं. पण अशा गोष्टी एकदा पसरल्या की आधी काय आणि नंतर काय, हे कोणी विचारत नाही. डावा डोळा अजून तसाच होता. आता मला स्वच्छ दिसतं, असं ती फोनवर मुलाला सांगायची. तो म्हणायचा, मा, तू म्हणतेस.

डेन्झिलनं ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. घर भाड्यानं देऊ, तुला आमच्याकडे मागची खोली आहे, दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ. फ्लोरीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की कोकरू जाऊ दे, मग बोलू.

हे कोकरू म्हणजे आकाशातला एक दगड. फार मोठा नाही. आमच्या गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पोचेल एवढा. तो सूर्याभोवती फिरतो, आणि त्याची वाट आपल्या वाटेला जवळजवळ लागूनच आहे. फक्त त्याचं वर्ष आपल्यापेक्षा जरा मोठं. त्यामुळे तो हळूहळू मागं पडत जातो, पार दिसेनासा होतो आणि पुष्कळ वर्षांनी आपणच एक फेरा जास्त मारून मागून त्याला गाठतो. मग काही आठवडे आपण दोघं शेजारी शेजारी चालतो. वेधशाळांनी त्याला आकडा दिलाय, नाव नाही.

मागच्या खेपेला तो आला, तेव्हा आब्रामनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः आरसा घासून केलेल्या दुर्बिणीतून त्याला पाहिलं होतं. नुसता ठिपका, पण रोज थोडा सरकणारा. आई मेलेलं कोकरू बाटलीच्या दुधावर वाढवलं की ते कळपात जात नाही, माणसाच्या पायात पायात करतं. आब्राम म्हणाला होता, हे तसलंच आहे. तेव्हापासून गाव त्याला आब्रामचं कोकरू म्हणतं. त्याची सावली एकदा आपल्या खोऱ्यावरून जावी, एवढीच आब्रामची इच्छा होती. या खेपेला ती जाणार होती.

सावली म्हणजे काय, हे आम्हाला शाळेच्या सभागृहात सिसांडानं सांगितलं. ती डोंगरावरच्या वेधशाळेत काम करते. मूळची पूर्वेच्या किनाऱ्याकडची, आमची भाषा जरा जपून बोलते, पण मोठ्या बाईला टानी आणि मोठ्या पुरुषाला ऊम म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. ती म्हणाली, दगड एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश तेवढ्यापुरता अडतो. जमिनीवर जिथं अडतो तिथं दगडाची सावली पडते, बरोबर दगडाएवढी रुंद. डोळ्यांना ती दिसत नाही. पण तिथं दुर्बीण लावून बसलं, तर तारा विझतो आणि परत लागतो. पापणी लवायला जितका वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ. आपण खोऱ्यातल्या रस्त्यावर, सावलीच्या वाटेला आडवे, प्रत्येक शेताच्या फाटकाशी एकेक दुर्बीण घेऊन बसू. कोणाचा तारा किती वेळ विझला यावरून दगडाचा आकार कळेल, आणि पुढच्या शंभर वर्षांत तो कुठून कुठून जाईल हे आताहून कितीतरी नेमकं सांगता येईल.

गॅरेजवाल्या ओकीनं हात वर केला. "आणि माझा विझलाच नाही तर? मी थंडीत कुडकुडायचं ते कशाला?"

सिसांडा उत्तर द्यायला लागणार, तोच फ्लोरी मागच्या बाकावरून म्हणाली, "ओकी, तुझं कोकरू हरवतं तेव्हा आपण काय करतो? माळावर ओळ धरून चालतो. ज्याला दिसत नाही तो 'इथं नाही' म्हणून ओरडतो की नाही?"

"ओरडतो."

"मग तसंच ओरड. एरवी गप्प कुठं बसतोस."

लोक हसले. सिसांडा म्हणाली की टानीनं माझं अर्धं भाषण वाचवलं. सावली कुठं संपते हे 'नाही' म्हणणाऱ्यांशिवाय कळतच नाही, म्हणून 'नाही'सुद्धा तेवढ्याच काळजीनं नोंदवायचं.

सगळ्यांना कॅमेरा लावलेल्या दुर्बिणी मिळाल्या. फ्लोरी म्हणाली, मी आब्रामच्या दुर्बिणीतून माझ्या डोळ्यानं बघणार. सिसांडानं थोडा विचार केला. फ्लोरीच्या जागेपासून उत्तरेकडच्या फाटकाशी ती स्वतः बसणार होती आणि दक्षिणेकडच्या फाटकाशी ओकी, दोघांकडे कॅमेरे. मधे एक डोळा असायला हरकत नाही, असं ती म्हणाली. फ्लोरीच्या हातात एक बटण द्यायचं ठरलं. तारा विझला की दाबायचं, लागला की सोडायचं. मला काम मिळालं ते ढगांचं. तारा पहाटे पश्चिमेकडे उतरलेला असणार, आणि तिकडच्या डोंगरावर हिवाळ्यात धुकं बसतं. ते वर चढतंय का, याच्यावर मी डोळा ठेवायचा होता.

बाहेर पडताना डेन्झिल मला बाजूला घेऊन म्हणाला की ऊम येफ्टा, तिला नाही दिसलं तर फार लागेल तिला. फ्लोरीनं ते ऐकलं असावं. ती म्हणाली, "आणि दिसलं तर?"

"दिसलं तर मी गाडी रिकामी नेईन, मा," डेन्झिल हसत म्हणाला.

"लक्षात ठेव," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

त्या पहाटे थंडी अशी होती की मेंढ्यांच्या हौदातलं पाणी वर कडक झालं होतं आणि झुडपं पांढरी पडली होती. डेन्झिलनं दुर्बीण उतरवून लावून दिली आणि दिव्याचा त्रास नको म्हणून पिकअप लांब पवनचक्कीपाशी नेऊन तो आत बसून राहिला. सिसांडा आली, तिनं तारा दुर्बिणीत मधोमध आणला, दोनदा खात्री केली आणि आपल्या फाटकाकडे गेली. दुर्बिणीखालची मोटर बारीक गुणगुणत ताऱ्यामागं सरकत होती. फ्लोरीनं डाव्या डोळ्यावर काळं फडकं बांधलं, शाल घट्ट केली आणि स्टुलावर बसून उजवा डोळा भिंगाशी नेला. मी तिच्या शेजारी शेळीच्या कातड्यावर बसलो.

"दिसतोय?" मी विचारलं.

"दिसतोय. आता बोलू नकोस."

पूर्व उजळायला लागली होती. सिसांडाला त्याचीच काळजी होती, पण दुर्बिणीत तारा अजून टिकून होता. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला की आता सगळ्यांनी नजर लावा, मी 'पुरे' म्हणेपर्यंत हटवू नका.

मी डोंगराकडे बघायला हवं होतं.

पूर्वेचा उजेड फ्लोरीच्या गालावर पडला होता. आमच्यात नेहमी रस्त्याची रुंदी असते, आणि रस्त्याच्या रुंदीवरून माणसाचा चेहरा म्हणजे टोपी, चष्मा आणि आवाज. इथं ती हाताच्या अंतरावर होती आणि तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या कानामागं शाळेत असतानाचा तीळ तसाच होता. ओठ किंचित उघडे, श्वास अडवलेला. थंडीनं त्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाणी भरून आलं आणि खालच्या पापणीच्या काठावर उभं राहिलं. ते आता ओघळेल, असं मला वाटत राहिलं. ते ओघळलं नाही.

"पुरे," सिसांडा म्हणाली.

फ्लोरीनं डोळा मिटला आणि पाण्याची धार नाकाशेजारून खाली आली.

वॉकीटॉकीवर उत्तरेकडून एकेक फाटक बोलायला लागलं. पहिल्या दोघांचं 'नाही', मग एक 'झाकला', आणखी एक 'झाकला'. सिसांडाचा स्वतःचा झाकला, तो सगळ्यात जास्त वेळ. नंतर फ्लोरीची पाळी होती, पण ओकीला कुठला धीर. तो मधेच ओरडला की झाकला, माझा झाकला, बारीकसा पण झाकला, पडद्यावर बघितलं मी. त्याच्यामागं त्याच्या बायकोचं हसणं ऐकू आलं.

"टानी फ्लोरी?" सिसांडानं विचारलं.

फ्लोरीनं हातातल्या बटणाकडे पाहिलं. मग वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"इथं नाही," ती म्हणाली.

मग सिसांडानं विचारलं की ऊम येफ्टा, तिथं धुकं वगैरे? मी म्हणालो, नाही, धुकं नव्हतं. पुढच्या फाटकांचं 'नाही', 'नाही' येत राहिलं.

सगळे ओकीच्या गॅरेजात जमले. तिथं लोखंडी पिंपात निखारे होते आणि त्यांच्यावर ओकीची बायको जाळीवर पाव भाजत होती. काळी कॉफी, मेंढीच्या चरबीचा वास, ओल्या बुटांचे ठसे. ओकी प्रत्येक नव्या माणसाला आपला तारा कसा विझला ते सांगत होता आणि दर वेळी तो जरा जास्त वेळ विझत होता. सिसांडा लॅपटॉपवर रेघा काढत बसली होती, एकेका फाटकाची एकेक रेघ. जिथं तारा विझला तिथं रेघ तुटलेली. वरच्या रेघा तुटलेल्या होत्या. मग फ्लोरीची, अखंड. मग ओकीची, थोडीशीच तुटलेली. मग पुन्हा सगळ्या अखंड.

ओकीनं वाकून बघितलं. "टानी, कोकराला मधेच भोक पाडलंत की तुम्ही."

हशा झाला. फ्लोरीही थोडी हसली. डेन्झिल हसला नाही. तो आईशेजारी उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, "मा, दोन्ही बाजूंना दिसलं. मधे फक्त तुला नाही."

"तिथं काही झालंच नाही, डेन्झिल."

सिसांडा उठून जवळ आली. तिनं फार हळुवारपणे सांगितलं, हे मला आठवतं. चूक माझी आहे, म्हणाली, मी टानीला कॅमेरा द्यायला हवा होता. पापणी कोणाचीही लवते, माझीसुद्धा, आणि ज्याची लवते त्याला ती कळत नाही. सावली तेवढ्यातच निघून गेली असेल. टानीच्या नावापुढे मी 'शंका आहे' एवढंच लिहीन. त्यात कमीपणा काही नाही.

"माझी पापणी लवली नाही," फ्लोरी म्हणाली.

"टानीला ते कसं कळणार? हाच तर घोळ आहे."

हे खरं होतं, आणि फ्लोरीलाही ते खरं असल्याचं कळलं. तिनं हातातला कप टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी डाव्या हातानं टेबलाची कड चाचपली. डेन्झिलनं ते पाहिलं. त्यानं पाहिलेलं तिनंही पाहिलं.

"पिकअपमध्ये आधी काय चढवायचं?" तिनं विचारलं. "पलंग की कपाट?"

मला माणसांत बोलायची सवय नाही. वाचनालयात बोलायचं नसतं, म्हणूनच ती नोकरी मला मानवली. बोलायचं झालं तर एकट्या सिसांडाला बाहेर गाठून सांगावं, असं मनात आलं होतं. पण ती लॅपटॉपकडे परत वळली होती आणि फ्लोरी शालीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती, निघायच्या तयारीत.

"सिसांडा," मी म्हणालो, "मी मघाशी खोटं सांगितलं. धुकं होतं की नव्हतं, मला माहीत नाही."

ती वळली. "ऊम?"

"मी डोंगराकडे बघितलंच नाही."

"मग ऊम कुठं बघत होता?"

ओकीनं पावाचा तुकडा तोंडाशी नेला होता, तो तिथंच थांबला.

"फ्लोरीकडे," मी म्हणालो.

मला वाटलं आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. मी जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत उरलेलं सांगितलं: तू नजर लावा म्हणालीस तेव्हापासून तू पुरे म्हणेपर्यंत मी तिच्या डोळ्याकडेच बघत होतो. तिची पापणी लवली नाही.

सिसांडा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. आता ती मघासारखी हळुवार नव्हती, आणि त्याचं मला बरं वाटलं. ऊम कुठल्या बाजूला बसला होता? उजेड कुठून येत होता? भिंगाच्या आड डोळा झाकला जात नव्हता का? मी सांगत गेलो. मग ती म्हणाली, "ऊमची स्वतःची पापणी लवली असेल की. नेमकं तेव्हाच टानीची लवली, तर?"

"माझी लवली असेल," मी म्हणालो. "पण तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. खालच्या पापणीच्या काठावर थांबलं होतं, पेल्याच्या काठाशी थांबतं तसं. पापणी एकदा जरी लवली असती तरी ते सांडलं असतं. तू पुरे म्हणालीस, तिनं डोळा मिटला, तेव्हा सांडलं. त्याआधी नाही."

सिसांडानं फ्लोरीकडे पाहिलं. फ्लोरीनं गालावर हात ठेवला होता, जिथून ते पाणी गेलं होतं तिथं.

"पूर्ण वेळ, ऊम?" हे डेन्झिलनं विचारलं.

"पूर्ण वेळ."

ओकीनं शेवटी तो तुकडा तोंडात टाकला आणि चावत म्हणाला, "म्हणजे एवढं सगळं आकाश वर पसरलेलं, सरकारनं आणलेल्या दुर्बिणी, आणि ऊम येफ्टा—" त्याच्या बायकोनं हातातल्या चिमट्यासकट त्याच्या पाठीत रट्टा दिला आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

सिसांडाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती ओकीच्या रेघेवर बोट ठेवून बसली होती. तुमच्या घड्याळात काही गडबड नव्हती ना, असं तिनं त्याला पुन्हा विचारलं. ओकी दुखावला. घड्याळ तुम्हीच लावून दिलंत, मी हात लावला नाही, आणि गावातल्या निम्म्या गाड्या माझ्या हाताखालून जातात, त्यातली एक तरी बंद पडली का? बंद पडल्या होत्या, पण ते कोणी काढलं नाही. सिसांडा म्हणाली की ओकीचा तारा विझायला हवा होता त्याच्या जरा आधीच विझलाय. मघापासून ते मी घड्याळाच्या माथी मारत होते. टानीचं 'नाही' पापणीच्या माथी मारलं आणि ओकीचं 'लवकर' घड्याळाच्या.

"आणि दोन्ही बरोबर असलं तर?" डेन्झिलनं विचारलं.

"तर तिथं दोन दगड आहेत," ती म्हणाली. "एक मोठा. आणि दुसरा छोटा, त्याच्याभोवती फिरणारा, जरा पुढे निघालेला. छोटा ओकीच्या फाटकावरून गेला, मोठा माझ्या. आणि टानी जिथं बसली होती..." तिनं बोट अखंड रेघेवरून ओढत नेलं. "तिथं मोकळी जागा आहे."

ती लगेच सावध झाली. आज सकाळी मी खात्रीनं काही सांगू शकत नाही, म्हणाली, वरच्या मोठ्या दुर्बिणीतून बघावं लागेल. छोटा मोठ्याच्या पुढून-मागून जाताना उजेड कमी-जास्त होत असेल तर ते दिसेल. तसं असेल तर त्याच्या फिरण्यावरून मोठ्याचं वजनसुद्धा काढता येईल, आणि मग त्याची पुढची वाट आणखी पक्की सांगता येईल. पण एक गोष्ट ती आत्ताच करणार होती. तिनं फ्लोरीच्या नावापुढचे शब्द पुसले आणि नुसतं 'नाही' ठेवलं.

"म्हणजे कोकरू नव्हतंच ते," ओकी म्हणाला. "मेंढी आहे. कोकरू मागनं चाललंय."

"पुढनं," फ्लोरी म्हणाली. "ती म्हणाली ना, पुढं निघालंय."

वेधशाळेनं नंतर पाहिलं आणि दोन दगड असल्याचं पक्कं झालं. पण ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं आणि या गोष्टीत त्याला फारसं महत्त्व नाही. महत्त्वाचं ते त्याच सकाळी घडलं. पिकअपमध्ये आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसून घरी आलो, फ्लोरी मधे. डेन्झिल गाडी सावकाश चालवत होता. खोरं संपून गावाची पहिली घरं लागली, तेव्हा तो म्हणाला, "मा, मी म्हणालो होतो की दिसलं तर गाडी रिकामी नेईन."

"मला नाही दिसलं," फ्लोरी म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही."

"तेच म्हणतोय मी." त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला की डाव्या डोळ्याची तारीख वसंतात मिळते का बघतो, त्याच दवाखान्यात. आणि त्या पायरीला कठडा पाहिजे. ओकीकडे जुना पाइप असेल का, ऊम? असेल, मी म्हणालो. भंगारात पडलेला आहे, पण वाजवीपेक्षा जास्त मागेल. मागू दे, डेन्झिल म्हणाला. फ्लोरीनं हातातले हातमोजे काढले, मुलाच्या गुडघ्यावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आम्हाला उतरवून तो तसाच परत गॅरेजकडे गेला. फाटकाशी आम्ही दोघंच उरलो. मी सवयीनं रस्ता ओलांडायला वळलो.

"येफ्टा," ती म्हणाली. "तुला डोंगराकडे बघायला सांगितलं होतं."

"हो."

"आब्राम असता तर दुर्बिणीजवळ फिरकू दिलं नसतं तुला पुन्हा."

"हो," मी म्हणालो. मी आणखी काही बोलण्याची ती वाट बघत होती की काय, कोण जाणे. मग ती म्हणाली की आत ये, उभं राहून पाय गोठतील.

त्या स्वयंपाकघरात मी आब्राम असताना पुष्कळदा बसलो होतो, नंतर कधीच नाही. टेबल तेच, आरसा घासताना पडलेले गोल डागही तेच. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. तिनं किटली चुलीवर ठेवली, दोन कप काढले आणि माझ्यासमोर बसली. डोळ्यावरचं फडकं तिनं केव्हाच सोडलं होतं. डावा डोळा तिनं तळहातानं झाकला आणि उजव्यानं माझ्याकडे बघायला लागली. घाईनं नाही. एखादी वस्तू विकत घ्यायची की नाही ते ठरवताना बघतात तसं.

"किती म्हातारा झालास रे," ती म्हणाली.

"आत्ता दिसतंय?"

"रस्त्यापलीकडून तू म्हणजे एक टोपी." ती अजून बघत होती. मला मान खाली घालायची सवय आहे. त्या वेळी मी ती घातली नाही. "हनुवटीखाली डावीकडे दाढीचे खुंट राहिलेत. रोजच राहत असणार. कोणी सांगितलं नाही तुला?"

"कोण सांगणार?"

किटली उकळायला लागली. ती उठली, झाकण सरकवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आता मी सांगत जाईन."